हात दाखवून अवलक्षण?

आमच्या मेसमध्ये चपात्या लाटणाऱ्या एक मावशी आहेत. कोणाला ताप आला तर वेगळी खिचडी टाकून देणाऱ्या, कोणाचा बॅकलॉग राहिला तर त्याच्यापेक्षा जास्त हळहळणाऱ्या. गेल्या वर्षी सबमिशनच्या गडबडीत रात्री उशिरा जेवायला गेलो तेव्हा त्यांनी पदराला हात पुसून मोबाईल पुढे केला. नातवाचा फोटो. गोंडस पोरगं, पण डावा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला. मी "छान आहे" म्हणालो तर म्हणाल्या, "पुढचा बघ." पुढच्या फोटोत तो हात उघडा होता. मनगटातून आत वळलेला, जिथे अंगठा असायला पाहिजे त्या बाजूला. आणि अंगठा नव्हताच. चारच बोटं.

"तुम्ही एवढ्या मशिनी शिकता. हे सरळ होतं का रे?"

पोरगं तेव्हा सात महिन्यांचं होतं. विक्रमगडच्या पुढे एका पाड्यावर जन्मलेलं. सात महिन्यांत काय काय करून झालं होतं त्याची यादी ऐकून मी घास तसाच ठेवला. न्हाऊ घालणाऱ्या बाईने रोज तेल लावून हात ओढून पाहिला. एका हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या, त्या दोन दिवसांत सोडाव्या लागल्या कारण बोटं निळी पडली. भगताने दाणे बघितले, दोरा दिला. बाजारातून कुठलीशी पूड आणून मधातून चाटवली. आणि हे सगळं चालू असताना घरात एक वाक्य रोज फिरत होतं : ग्रहणात हिने भाजी चिरली असणार.

मी मेकॅनिकलचा. बाळाच्या हातातलं मला काय कळणार? पण मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग लायब्ररी, एक बीएएमएस करणारा शाळेतला मित्र आणि नंतर स्वतः डॉक्टर, असं करत करत जे कळलं ते इथे लिहितोय. होस्टेलमध्ये आपण निम्म्याहून जास्त जण गावाकडचे. असा फोटो उद्या तुमच्यापैकी कोणाच्याही पुढे येऊ शकतो.

पहिली गोष्ट, हात बनतो कधी? गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात गर्भाच्या कडेला हाताची कळी फुटते. सहाव्या आठवड्यात तिचा चपटा वल्ह्यासारखा पंजा होतो आणि आठवा आठवडा संपेपर्यंत पाची बोटं सुटी होतात. गंमत म्हणजे बोटं झाडाच्या फांदीसारखी एकेक करून बाहेर येत नाहीत, ती कोरली जातात. मधल्या जागेतल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि फट तयार होते. वर्कशॉपमध्ये आपण ब्लॉक घेऊन मटेरियल काढत जॉब करतो, तसंच. मधल्या पेशी मेल्या नाहीत की बोटं जुळलेली राहतात. साधारण दोन ते तीन हजार बाळांमागे एकाला असं होतं. एखादा अंकुर दोनदा फुटला की सहावं बोट. हृतिक रोशनचा डबल अंगठा सगळ्यांना माहीत आहे, तो याच जातीचा. आणि अंगठ्याच्या बाजूची कळीच नीट वाढली नाही तर कोपर ते मनगट जी दोन हाडं असतात त्यातलं अंगठ्याकडचं, म्हणजे रेडियस, आखूड राहतं किंवा तयारच होत नाही. एका बाजूचा खांब नसलेल्या मंडपासारखा हात त्या बाजूला कलतो. मावशींच्या नातवाला हेच झालं होतं. डॉक्टरी भाषेत रेडियल क्लब हँड.

म्हणजे सगळं घडतं ते दोन महिन्यांच्या आत. बऱ्याच बायकांना तोवर आपल्याला दिवस गेलेत याची खात्रीही नसते! ग्रहण टिकतं काही तास. २२ जुलै २००९ चं खग्रास सूर्यग्रहण इथून जवळच, सुरतेवरून गेलं. आपल्याकडेही ते मोठ्या प्रमाणात खंडग्रास होतं. त्या दिवशी देशात लाखो गरोदर बायका होत्या आणि त्यातल्या हजारो बायकांनी काही ना काही चिरलं, कापलं, शिवलं असणार. ग्रहणाने बोटं तुटत असती तर २०१० उजाडता उजाडता प्रसूतिगृहांत रांग लागली असती.

आता हसू नका, कारण शिकलेल्यांचंही ग्रहण असतं. मी हा फोटो रूमवर दाखवला तर पार्टनरने लगेच तारापूरच्या अणुभट्टीकडे बोट दाखवलं. दुसरा म्हणाला, एमआयडीसीचं पाणी. आता बाळाची आई गरोदरपणात पूर्ण वेळ विक्रमगडकडेच होती, हे एक झालं. पण समजा बोईसरमध्ये असती, तरी एका बाळावरून कारण ठरत नाही. त्यासाठी या भागात वर्षाला किती बाळं जन्मली, त्यात किती जणांच्या हातात फरक होता आणि इतर भागांत किती, हे वर्षानुवर्षं मोजावं लागतं. तारापूरची भट्टी १९६९ पासून चालू आहे आणि असे हात त्याच्या आधीही जन्मत होते, जगात सगळीकडे जन्मतात. बऱ्याच बाळांच्या बाबतीत सगळ्या तपासण्या करूनही नेमकं कारण सापडत नाही. हे ऐकायला फार कठीण जातं. कारण नाही म्हटलं की माणसं माणूस शोधतात, आणि तो माणूस बहुतेक वेळा आईच असते.

मला वाटलं होतं की जुन्या ग्रंथांत याहून काही वेगळं असेल. आहेही आणि नाहीही. सुश्रुतसंहितेत वाकड्या हाताच्या मुलासाठी स्वतंत्र शब्द आहे, कुणि. कुबडा, लंगडा, ठेंगू यांच्या रांगेतच तो येतो आणि कारण दिलंय की गर्भिणीच्या इच्छांचा अवमान झाला. मूळ शब्द दौहृद, म्हणजे दोन हृदयं असलेल्या बाईची इच्छा. आपले 'डोहाळे' याच कुळातले. डोहाळजेवणात आपण जे हौसेने करतो त्याच्या मागे ही भीतीही आहे. सुश्रुताने रोगांचे जे सात प्रकार पाडले त्यातला एक 'जन्मबलप्रवृत्त', म्हणजे आईच्या पोटात असताना जडलेले. पण चरकसंहितेत एक वेगळाच विचार आहे. बीजाच्या ज्या भागातून जो अवयव होतो तो भाग बिघडला तर तोच अवयव बिघडतो, आणि तो भाग बिघडलेला नसेल तर व्यंग असलेल्या आईबापालाही धडधाकट मूल होतं. माझा बीएएमएसवाला मित्र हे सांगताना अगदी उभा राहिला! आणि खरंच, सूक्ष्मदर्शक यंत्र नसताना हे लिहिणाऱ्याला सलाम करावासा वाटतो. हातपाय आणि डोकं यांच्या पाच उंचवट्यांचं सुश्रुताचं वर्णनही आहे, फक्त त्याने ते तिसऱ्या महिन्यात धरलंय. दुःख हे की घराघरात डोहाळ्यांची गोष्ट पोचली, बीजभागाची नाही.

मात्र एक लक्षात घ्या. ग्रंथांचा भर कारणांवर आणि गर्भिणीच्या महिनावार काळजीवर आहे. न झालेलं हाड औषधाने उगवतं असा दावा बाजारातल्या पुडीवाल्याचा आहे, तो चरक-सुश्रुतांच्या नावावर खपवला जातो.

कारणांच्या बाबतीत आधुनिक औषधांनीही एकदा फार मोठी चूक केलेली आहे, ती न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाईड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. गरोदर बायकांना मळमळीवर सर्रास दिली गेली. १९६१ च्या शेवटी ती मागे घेईपर्यंत जगात दहा हजारांहून जास्त बाळं हात-पाय अर्धवट असलेली जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या एका अधिकारी बाईंनी कागद अपुरे आहेत म्हणून परवानगी अडवून धरली आणि तिथली हजारो बाळं वाचली. (आपल्या ऑफिसात फाईल अडली की आपण चिडतो. कधी कधी अडलेली बरी!) ज्या दिवसांत हात बनत असतो नेमक्या त्याच दिवसांत ती गोळी घेतली गेली की नुकसान व्हायचं. काही फिटांच्या गोळ्यांनीही हा धोका थोडा वाढतो, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट. पण म्हणून फिटांची गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, मूल ठरवतानाच डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायची असते. आणि हाच नियम पाळामुळांनाही लावायला हवा. 'झाडपाल्याने काय होतंय' हे वाक्य पहिल्या तीन महिन्यांत तरी कोणी म्हणू नये.

आता उपचारांकडे येतो. सुरुवात न्हाऊ घालणाऱ्या बाईपासून, कारण बाळाच्या अंगाला पहिला खरा हात तिचा लागतो. पायांवर बाळ पालथं घालून तेल चोळणं, डोकं गोल करणं, नाक चिमटीत धरून वर काढणं, मग गरम पाणी, मग ओवा-वेखंडाची धुरी. डोकं आणि नाक यांचं ठीक आहे, ते आपोआपच ठाकठीक होतात आणि श्रेय बाईला जातं. तेलाचं म्हणाल तर २००५ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं होतं. कमी दिवसांच्या बाळांना खोबरेल तेलाने मालीश केल्यावर वजन जास्त चांगलं वाढलं. म्हणजे मालीश ही काही अंधश्रद्धा नाही. धुरी मात्र नको, त्या धुराने बाळाच्या छातीला त्रासच होतो.

वाकड्या हाताला मालिशीचा उपयोग किती? इथे आपलं इंजिनियरिंग कामाला येतं. हाड हे एक मटेरियल, आणि स्नायू, शिरा, कातडी हे दुसरं. मऊ भागाला थोडा ताण बराच वेळ दिला तर तो हळूहळू लांबतो. आपण क्रीप शिकतो ना, तसंच काहीसं, वर बाळाच्या बाबतीत तो भाग जिवंत आणि वाढता असतो. म्हणून अशा हाताला जन्मल्यापासून, दिवसातून अनेक वेळा, अगदी हलक्या हाताने ताण देणं हा हॉस्पिटलमधलाही पहिला उपचार आहे. दर वेळी दूध पाजताना आईने तो करायचा असतो. म्हणजे त्या बाईची दिशा बरोबर होती! चूक दोन ठिकाणी. एक, ती झटक्याने ओढायची, तेही रोज एकदाच. दोन, ओढून सरळ झालेला हात धरून ठेवायला काहीच नव्हतं. सोडला की परत तिथेच.

हाडवैद्याला हे दुसरं कळलेलं होतं, म्हणून त्याने पट्ट्या बांधल्या. तोही दिशेने बरोबर. पण बाळाचा हात म्हणजे मोडलेली फांदी नव्हे. नवजात बाळाच्या मनगटाला घट्ट गुंडाळलं तर रक्त अडतं, आणि रक्त काही तास अडलं तर स्नायू कायमचे मरतात. मग असलेली चार बोटंही जातात. हॉस्पिटलात जी पट्टी देतात ती प्लास्टिकची, गरम पाण्यात मऊ होणारी, त्या बाळाच्या हातावरच आकार दिलेली असते आणि बाळ वाढेल तशी दर थोड्या आठवड्यांनी बदलतात. बोटांची टोकं नेहमी उघडी. बोट दाबून सोडलं की पुन्हा गुलाबी होतंय का, हे आईला शिकवून ठेवतात. निळं पडलं, गार पडलं की पट्टी ताबडतोब सोडायची, वाट बघायची नाही.

याच तत्त्वाचं सगळ्यात सुंदर रूप मला मुंबईचे हाताचे सर्जन डॉ. बी. बी. जोशी यांच्या कामात सापडलं. त्यांची जेस, म्हणजे जोशींची बाहेरून आधार देणारी सिस्टीम, ऑर्थोपेडिकवाल्यांना देशभर माहीत आहे. हाडांतून बारीक तारा आरपार घालायच्या, त्या बाहेर सळ्यांना क्लॅम्पने जोडायच्या आणि दोन सळ्यांच्या मध्ये स्क्रू. स्क्रू रोज थोडा थोडा फिरवायचा, दिवसाला मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. आखडलेले मऊ भाग लांबत जातात आणि वळलेला हात सरळ रेषेत येतो. फोटो बघितला तर आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमधलं काहीतरी वाटेल. क्लॅम्प, सळी, स्क्रू. महागडं मशीन नाही. मी मावशींना हा फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "म्हणजे मालीशच की, स्क्रूने." याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला व्हायवात जमली नसती.

पण मालीश हाताची असो की स्क्रूची, नसलेलं हाड त्यातून येत नाही. हात सरळ झाल्यावर त्याला उरलेल्या एका हाडाच्या डोक्यावर नीट बसवायचं ऑपरेशन करावं लागतं, बहुतेक पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे. आणि अंगठा? हाताच्या एकूण कामातला साधारण ४० टक्के वाटा अंगठ्याचा धरतात. तो नसेल तर शेजारची तर्जनी, तिच्या रक्तवाहिन्या आणि नसा शाबूत ठेवून, आखूड करून, फिरवून अंगठ्याच्या जागी बसवतात. हे ऑपरेशन आज ज्या पद्धतीने होतं ती हॅम्बुर्गच्या डीटर बुक-ग्रामको यांनी बसवली. त्यांच्यापुढे रुग्ण कोण होते? थॅलिडोमाईडची बाळं. वर्षा-दोन वर्षांच्या वयात केलं तर मेंदूही त्या बोटाला अंगठाच समजून शिकतो.

दोऱ्याबद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही, कारण तो प्रकार माझ्या स्वतःच्या चुलतभावावर झालाय. सहावं बोट, करंगळीच्या बाजूला. आजीने घोड्याचा केस आणवला आणि मुळाशी आवळून बांधला. चामखिळीला बांधतात तसा. आठ दिवसांत बोट काळं होऊन गळून पडेल अशी कल्पना. काळं झालं, पण आत हाड होतं. ते कसं गळणार? पू झाला, ताप चढला, शेवटी हॉस्पिटल. आजही तिथे गाठ आहे आणि क्रिकेट खेळताना बॉल लागला की तो कळवळतो, कारण कापलेल्या नसेच्या टोकाचा तिथे गोळा झालाय. आता खरं सांगायचं तर नुसत्या कातडीच्या देठावर लोंबणारं, हाड नसलेलं बोट दवाखान्यांतही पूर्वापार दोऱ्याने बांधत आले आहेत. पण तिथेही अशा गाठी राहतात म्हणून हल्ली बरेच सर्जन साधं छोटं ऑपरेशन पसंत करतात. आत हाड आहे की नाही हे एक्स-रेच सांगतो, आजीचं बोट सांगू शकत नाही. आणि सहावं बोट लकी आहे म्हणून ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, अडत नसेल तर त्याने काही बिघडत नाही.

पुड्यांचं थोडक्यात सांगतो. बाळगुटी, मध, भस्म. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारा आजार होतो. आणि भस्मांचं म्हणाल तर अमेरिकेत बॉस्टनजवळच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. २००४ ची गोष्ट. सगळीच औषधं अशी नसतात, पण बिनलेबलच्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. शिशाने हात तर सुधारत नाहीच, वाढत्या मेंदूचं नुकसान होतं.

मग भगत, हाडवैद्य यांच्यावर लोकांचा एवढा विश्वास का? नुसतं अडाणी म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला वाटतं दोन कारणं आहेत. एक तर तो पाड्यावरच असतो, तुमचं ऐकून घेतो, आणि बस चुकली म्हणून परत पाठवत नाही. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. काही हात खरोखरच आपोआप बरे होतात! अडलेल्या बाळंतपणात मान ताणली गेली की बाळाचा हात लुळा पडतो. यातले बहुतेक हात काही महिन्यांत पूर्ववत होतात. काही बाळांचा अंगठा वाकून अडकतो, त्यातलेही काही वाढता वाढता सुटतात. या काळात जो कोणी दोरा बांधेल किंवा तेल लावेल तो देव ठरतो. मग तोच माणूस जेव्हा हाडच नसलेल्या हाताला दोरा बांधतो तेव्हा लोक आशेने थांबून राहतात. आणि लुळ्या हाताचंही असं आहे की तीन महिन्यांनंतर कोपर वाकवता येत नसेल तर सर्जनला दाखवायलाच हवं, थांबलं की संधी जाते.

आपल्या परंपरेत चाकू नव्हता असं मात्र कोणी समजू नये. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात तोडला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ते माप कपाळावर आखून तेवढी कातडी उचलली, एका टोकाला जोडलेली ठेवून फिरवली आणि खाली बसवली. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं, १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ते छापून आलं आणि तिथून युरोपने ही विद्या उचलली. नाक झालं, हात मात्र नाही झाला. पण जुळलेली बोटं सुटी करताना आजचा सर्जन नेमकं तेच करतो. पंजाच्या मागची कातडी एका टोकाला जोडलेली ठेवून वळवतो आणि दोन बोटांच्या बेचक्यात बसवतो. बाकीचा काप नागमोडी घेतो, कारण सरळ काप भरताना आखडतो आणि बोट वाकडं करतो. उरलेल्या उघड्या जागी दुसरीकडची कातडी लावतो. म्हणून घरी ब्लेडने बोटं सुटी करणं हा गुन्हाच आहे. जखम भरताना ती पुन्हा चिकटतात, आणि वाईट चिकटतात.

आता मावशींच्या नातवाकडे परत. त्याला वाट कोणी दाखवली? एका आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंनी! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही देशभराची योजना सुरू झाली ती आपल्या पालघरमध्ये, ६ फेब्रुवारी २०१३ ला. तेव्हा आपला जिल्हा ठाणेच होता, पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. या योजनेत प्रत्येक पथकात दोन आयुष डॉक्टर असतात, एक पुरुष एक स्त्री, सोबत नर्स आणि फार्मासिस्ट. गाडीने अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जाऊन मुलं तपासतात, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, आणि पुढचा उपचार मोफत. तपासायच्या ३० गोष्टींच्या मूळ यादीत वाकडं पाऊल आहे, वाकड्या हाताला मात्र वेगळं नाव नाही. म्हणून आईने स्वतःहून हात उघडून दाखवावा लागतो. आणि नेमकं तेच होत नव्हतं. मावशींची सून बाळाला दुपट्ट्यात गुंडाळूनच अंगणवाडीत नेत होती. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं तिला घरूनच सांगितलेलं.

मी मावशींना इतकंच म्हणालो की गाडी आली की दुपटं काढायला सांगा. तिने काढलं. त्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, पण आधी स्टेथोस्कोप छातीला लावला. हे का, ते मला नंतर कळलं. रेडियस हाड ज्या आठवड्यांत बनतं त्याच सुमाराला हृदय, मूत्रपिंडं हेही बनत असतात. अंगठ्याच्या बाजूचा हात बिघडलेला असेल तर हृदयाला छिद्र असण्याची, मूत्रपिंडात किंवा रक्तात दोष असण्याची शक्यता असते. रक्ताचा एक आजार तर असा आहे की अंगठा जन्मतः दिसतो आणि आजार काही वर्षांनी. म्हणून असा हात दिसला की हृदयाची इको, पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी आधी, हाताचं ऑपरेशन मागून. इतके महिने सगळे हाताला तेल लावत बसले होते आणि छातीला कोणी कान लावला नव्हता.

बाळाच्या हृदयात छोटं छिद्र निघालं. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं आहे, डॉक्टर म्हणतात बंद होण्याची शक्यता आहे. मूत्रपिंडं आणि रक्त ठीक. हाताला प्लास्टिकची पट्टी सुरू झाली, दोनदा बदलून झाली. न्हाऊ घालणारी बाई एकदा सोबत मुंबईला गेली होती. फिजिओथेरपिस्टने तिलाच समोर बसवून ताण कसा द्यायचा ते शिकवलं. तिला वाईट वाटलं असेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणे गावात आता सगळ्यांना सांगते की मुंबईच्या डॉक्टरनी माझा हात बघितला.

भगताचा दोरा अजून आहे. उजव्या मनगटात, सैल. डॉक्टर म्हणाले राहू दे.

हात सरळ करायच्या ऑपरेशनच्या आधीची शेवटची तारीख येत्या मंगळवारी आहे. मावशी, सून आणि बाळ पहाटेच्या गाडीने बोईसरहून निघणार. तेव्हा मंगळवारी मेसमध्ये चपात्या नाहीत, दोन्ही वेळा भात आहे. कोणी कुरकुर करू नये.